सुंदराबाई म्हणे

हॅलो?... कोण?... जरा मोठ्याने बोला, धायरीत आहे मी, स्टुडिओत... अगंबाई, शाहीर बाळ! आहात अजून?... नाही हो, आनंदच झाला. थोडाच झाला, पण झाला.

हो, खरं आहे. माझाच अल्बम. एकाहत्तराव्या वर्षी... अहो, गळ्याला रिटायरमेंट नसते, असं तुम्हीच सांगायचात. स्वतःबद्दल.

कोणाची गाणी?... पुन्हा बोला... तुमची? शाहीर, ती गाणी मी विश्रांतवाडीत तुमच्या पथकाच्या भाकऱ्या थापताना रचली. तुम्ही फक्त शेवटच्या ओळीत बसायला यायचात. 'बाळ म्हणे गड्यांनो, उजाडलं बघा!' बाळ कधी म्हणाला हो? बाळ नऊ वाजेपर्यंत घोरत असायचा!

हो, हो... अहो ऐका ना... ऐका तर! शब्द सगळे तेच आहेत. फक्त तुम्हाला काढलंय. आता 'सुंदराबाई म्हणे गड्यांनो'... हसताय? हसा. ढोलकीवाले संभाजीही हसले. तुमचं नाव दोन अक्षरांत उरकायचं, माझ्याला पाच लागतात. सकाळपासून ताल पुढे निघून जातोय आणि मी 'बाई'पाशी उभी.

नाव जुनंच ठेवू?... अजिबात नाही. त्या एका नावासाठी तर अख्खा अल्बम करतेय मी.

कोर्टात? जा की. न्यायाधीशांसमोर म्हणून दाखवा दुसरं कडवं... पहिलं तरी?... बरं, राहिलं.

काय म्हणालात? ओळ बसणारच नाही?... तुम्हाला बसवता येईल?... राहू द्या, शाहीर. या वयात दम कुठला पुरायला... टोमणा नाही हो, काळजी वाटते... आत्ता? फोनवरच?... थांबा, हात अवघडला, स्पीकर लावून फोन स्टँडवर ठेवते... कसला स्टँड? असतो एक इथे. शेफाली, पंखा बंद कर गं... शेफाली? स्टुडिओतली मुलगी. कान तयार आहे तिचा. हं, म्हणा.

...

वा! म्हणजे 'सुंदरा' आधीच उचलायचं आणि 'बाई'वर सम गाठायची! संभाजी, ऐकलंत?... शाहीर, आणखी एकदा. मध्येच बाहेर टेम्पोने हॉर्न मारला.

...

छान. आता शेवटचं. जरा आदराने.

...

बास. मिळालं का गं?... मिळालं.

काय मिळालं म्हणजे? तुमची झील, शाहीर! जन्मभर मी तुमच्यामागे उभी राहून ओढली ना, तशीच. माझं नाव तुमच्या तोंडून, खणखणीत. प्रत्येक गाण्याच्या शेवटी लावणार आहोत... ओरडू नका, तेही आत जाईल.

कव्हरवर? टाकणार ना. कॅसेटवर तुम्ही मला टाकायचात, तसंच. 'आणि साथी'.

हॅलो?... आहात ना?...

काय?... पुन्हा घ्यायचं? कशाला?... वरचा सूर फुटला?... हो, फुटला खरा. आदराच्या वेळी... स्वतः येता? रिक्षा करून?... नाव नको? फोटोही नको? फक्त तेवढा सूर नीट करायचाय?... रडताय का, शाहीर?

नाही. फुटलेलाच जाणार. ठेवते.