डबल बेल

कॉम्प्युटरवर रेस खेळायचं स्टिअरिंग घ्यायचं तर ड्रायव्हरला विचारूनच घ्यावं, म्हणून मी अप्पांना निलंग्याहून नांदेडला गेमिंगच्या दुकानात आणलं. अप्पा म्हणजे माझे वडील, तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून घरात एकटेच.

डायरेक्ट ड्राइव्हचं स्टिअरिंग थेट मोटरवर बसवलेलं असतं, रस्त्याचा दणका हाताला लागतो. दुकानात दोन होती, हलकं आणि जड. अप्पा जडवर बसले. रेस सुटली, सगळ्या गाड्या पुढं गेल्या, अप्पा जागचे हलेनात.

"अप्पा, निघा की!"

"कसा निघू? डबल बेल कुठं झाली?"

दुकानदार लई हसला. मी टेबलावर दोनदा टकटक केलं, तशी अप्पांनी गाडी काढली.

"हेच घे," उठताना म्हणाले. "हलक्यात ध्यान भलतीकडं जातंय."

घेतलं, आणि त्यांच्याच घरी बसवून आलो. आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "बसलो बघ." मी इकडून टकटक करतो. गाडी सुटल्याचा आवाज आला की फोन ठेवतो.

परवा दोनदा टकटक केलं, तरी गाडी सुटेना.

"अप्पा, बेल दिली की!"

"आयकली रे. पण गाडी काढली की तू फोन ठेवतूस."