गुरुवारचे न लिहिलेले तास

अस्मिता : नाही, आत्या, आधी त्या चपला काढ. अशी जवळ येऊन बस. कीर्तनाला जाशील थोडी उशिरा. आज आख्यान मी लावणार आहे, आणि शेवट गोड आहे.

वासंती : शेवट आधीच सांगून टाकलास? असला कीर्तनकार आमच्या धायरीत चालायचा नाही. बोल. त्या तुझ्या घड्याळाचंच ना? आठवडाभर चेहरा पाडून हिंडतेयस घरात.

अस्मिता : घड्याळ वाचलं, आत्या!

वासंती : पूर्वरंग नीट होऊ दे. काटेच नसलेल्या डबीला तुम्ही घड्याळ का म्हणता, तेच मला अजून कळलेलं नाही.

अस्मिता : काटे नसले तरी ताल आहे. टेलिफोनचे टॉवर त्या तालावर चालतात.

वासंती : म्हणजे टाळकरी.

अस्मिता : अगदी. आणि टाळकरी पक्का आहे का, हे बघायला त्याला एका खात्रीच्या घड्याळाशेजारी ठेवायचं. मोजणारं यंत्र दर सेकंदाला सांगतं, हे त्याच्या किती पुढे गेलं. माझं सारखं थोडं थोडं पुढे जातं, पण एकाच चालीनं.

वासंती : मग चुकतंच की ते.

अस्मिता : ठरल्या चालीनं जाणारं चालतं गं, तेवढं वजा करता येतं. मधेच उडी मारणारं चालत नाही. आणि आलेखात दिसली उडी! आमचे मुख्य, अनंत सर म्हणाले, असलं घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, काम बंद करा. दोन वर्षं घातलीत मी त्यात.

वासंती : म्हणून पानावरून उठत होतीस होय! मग ती उडी गेली कुठे?

अस्मिता : उडी नव्हतीच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली होती. घड्याळं आणि यंत्र बॅटरीवर, ती चालूच राहिली. वाचनं उतरवून घेणारा कॉम्प्युटर मात्र साध्या प्लगवर. तो बंद पडला. वीज आल्यावर आपोआप सुरू झाला आणि नवी वाचनं जुन्यांना चिकटवून लिहायला लागला.

वासंती : आणि मधले तास?

अस्मिता : गायब. तेवढ्या तासांत घड्याळ जेवढं पुढे गेलं, ते आलेखात एकदम उडीसारखं दिसलं. वाचनाशेजारी वेळच लिहिलेली नव्हती. तो प्रोग्राम आमच्याकडे नवीन लागलेल्या आमोदचा. त्याला वाटलं, दर सेकंदाला एक वाचन येतंय, मग वेळ वेगळी कशाला लिहायची?

वासंती : अगं, हे तर तुझे आतोबा! खांबाला टेकून घोरतात, आणि जागे झाले की म्हणतात, बुवांनी आख्यान तोडलं. एवढ्यात रावण मेलाच कसा?

अस्मिता : हो ना! बुवा गातच होते, झोपले आतोबा!

वासंती : आणि बोल बुवांना. बरं, हे पकडलं कुणी?

अस्मिता : आमोदनंच. त्यानं सेकंदाला एक धरून वाचनं मोजली, तर शेवटचं गुरुवारी रात्रीचं निघालं. आणि यंत्र तर आम्ही शुक्रवारी सकाळी थांबवलं होतं. तसाच उठून सरांकडे गेला. म्हणाला, घड्याळाचा दोष नाही, चूक माझी आहे.

वासंती : काय म्हणाले सर?

अस्मिता : "आपण वेळ मोजायच्या खोलीत नोकरी करता आणि वेळ लिहीत नाही. धन्य आहात."

वासंती : पेठेतले दिसतायत.

अस्मिता : आता प्रत्येक वाचनाशेजारी वेळ पडते. पुन्हा मोजणी लावली, मधे मुद्दाम कॉम्प्युटरचा प्लग काढला. आलेखात तेवढी जागा रिकामी राहिली, पण अलीकडची आणि पलीकडची रेघ सरळ एका ओळीत! आज सरांनी सही केली.

वासंती : विठ्ठल, विठ्ठल! (तिच्या पाठीवरून हात फिरवत) सुटलीस गं बाई. आज तुझ्या नावानं नारळ वाढवते.

अस्मिता : माझं झालं सगळं. आमोदची नोकरी अजून कच्चीच आहे. त्याला ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार.

वासंती : आणि हे ठाऊक असून बोलला तो?

अस्मिता : ठाऊक असून. आरतीला उभी राहशील ना, आत्या, तेव्हा त्याची आठवण ठेव.