शेवटाले शेवट

हॅलो?… हॅलो, हाव, शालिग्रामच बोलून राह्यलो. मेहकर. बोला, मोटर जळली का लग्न हाये?…

कोण?… जनका?… अवं बाई, तू हो का. मले वाटलं गिऱ्हाईक… बरं झालं तुहाच फोन आला. देवानंच आठवण दिली म्हण तुले…

नाई नाई, तुहं मंग सांग. मले आधी बोलू दे… हाव, हाव… अवं ऐक ना. बाबाची गिटार हाये ना, तिचा पिकअप बदलला मी… पिकअप वं. तारांखालचा, आवाज धरते तो… हाव, तोच. बाबानं बसवलेला. काढला.

काऊन म्हणजे? पातळ आवाज होता त्याचा. आता कोणाले पाह्यजे पातळ आवाज? आज सांजच्याले देऊळघाटच्या उत्तमरावच्या पोराची वरात हाये. त्याइनं सांगूनच ठेवलं, शालिग्राम, तुह्या ऑर्केस्ट्राची गिटार अशी वाजली पाह्यजे का छातीत धडकी बसली पाह्यजे. मंग मुंबईहून नवा पिकअप मागवला. दोन कॉइलवाला. लय जड आवाज येते म्हणे, म्हशीवानी हंबरते…

जुना?… कुठं फेकीन, हाये ना दुकानातच. त्यातलं लोहचुंबक चांगलं होतं. काढलं अन् काडीले बांधलं. खाली पडेल इस्क्रू पटापट उचलते… आता त्यात रडायले काय झालं? चुंबकच तं हाये. बाबा काय चिकटून बसला होता त्याले?

बरं, पूस डोळे. काय म्हणत होती तू?… हं… हं… कोण आली?… किसनरावनं आणली? घरात?… अवं माय. अन् सासू काई बोलली नाई?… तिनंच ओवाळून घेतली. बरं… अन् तू?… तुहं सामान बाहेरच्या छपरीत. बकरीजवळ… हं… वाईट केलं जवायानं. लय वाईट केलं. असं करू नाई माणसानं…

पण मी काय म्हणतो, आवाजच नाई येऊन राह्यला… तुहा येते वं. तुहा तर आज लय साफ येऊन राह्यला, तुह्या सासरची, बीबीची लाइन असूनसनी. एक्सचेंजवाला मधात बोललाही नाई. गिटारचा नाई येत. येते, पण नाकातून. डबड्यात मधमाशी कोंडावी तसा. आवाजाच्या मशीनचा कान कितीही पिळा, खालचा सूर गायबच. होता त्याच्यापेक्षा पातळ झाला…

निवृत्ती वाजवते… आपला निवृत्ती वं, तुह्या वहिनीचा भाऊ. चिखलीचा… हाव, तुह्याच जागेवर. मंग काय जागा रिकामी ठेवीन मी? तुहं लग्न होऊन गेलं. वरात काय तुह्यासाठी थांबते?… वाजवते बरा. नाई, तुह्यासारखा नाई वाजवत. पण ऐक, तू वाजवायची तवा लोक काय म्हणायचे? पोरगी चांगली वाजवते. गिटार चांगली वाजते असं मी तर कोणाच्या तोंडून ऐकलं नाई…

राग आला का? मस्करी केली… बोल… हं… म्हणजे इकडं येतो म्हणते?… कायमची?…

थांब जरा. काईच ऐकू येऊन नाई राह्यलं. आपलाच भोंगा चालला रस्त्यानं. टुरिंग टॉकीजची जाहिरात हाये, टांग्यावर बांधून दिला. त्याचा परदा फाटेल हाये, 'श' आला का फर्र करते. ऐक, 'फर्रेवटचा खेळ' म्हणून राह्यला… गेला. स्टँडाकडं गेला आता.

हां, बोल. येते म्हणत होती… अवं मंग इचारते काय? माहेर हाये तुहं… हाव… वाजव ना. कोण नाई म्हणते? तुह्या पोटापुरतं तू वाजवशीन, मले काय जड हाये? बहीण हाये तू माही… ये… हाव, ये म्हणलो ना. आता रडू नको, रडली का तुहं डोकं चालत नाई. आधी हे सांग, खालचा सूर काऊन नाई येत? उत्तमरावची जीप येईन आता सामान न्यायले…

चूप बस बे निवृत्ती. ती सांगून राह्यली…

हां, सांग… कशी जोडली म्हणजे? मोटरची जोडतो तशी. पहिल्या कॉइलचा शेवट दुसरीच्या सुरुवातीले. जन्मभर तशीच जोडत आलो. अर्ध्या तालुक्याच्या विहिरी माह्या जोडण्यावर पाणी उपसून राह्यल्या… गिटार म्हणजे विहिरीची मोटर नाई म्हणते? बरं बाई. तूच शहाणी…

हं… हाव… खाली एकच चुंबक… एकीले त्याचं एक तोंड, दुसरीले दुसरं… म्हणून दोघी उलट्या बोलून राह्यल्या. एक जे बोलते ते दुसरी खाऊन टाकते… अन् उरते तेवढंच नाकातून येते. हाव, बरोबर. आता समजलं. एका घरातल्या दोन बाया म्हण ना सरळ…

बरं बरं, नाई बोलत. मंग काय करू?… शेवटाले शेवट?… दोघींचे शेवट एकमेकीले बांधायचे. अन् सुरुवातीच्या दोन तारा बाहेर काढायच्या… म्हणजे पहिलीले हातच नाई लावायचा? दुसरीचीच तेवढी पलटवायची?… बस एवढंच?… नाई, माहा भरोसा हाये. बाबाजवळ तूच बसायची हे करत…

निवृत्ती, डाग द्यायचा कैया तापला का बे? घे. ते मागचं झाकण काढ. दुसऱ्या कॉइलच्या दोन तारा उकल… लाल नाई बे, पांढरी. पांढरीले पांढरी जोड अन् दे डाग… लाल जाऊ दे जमिनीले… जमिनीले म्हणजे तिकडं, पितळीवर…

हाव, तू बोल ना, मी ऐकून राह्यलो… हं… त्या बाईनं तुह्या बांगड्या घातल्या?… हं… अन् किसनराव पाहत बसला… हं… तुहं ताट बाहेर सरकवलं… डाग नीट दे बे, हालवू नको, फुंकर मार… तुले नाई वं, त्याले म्हणलो. तू बोल… दोन दिवस जेवली नाई?… इकडं आली का जेवशीन, काय त्यात… झालं का रे? लाव झाकण. मशीन चालू कर… जाड तार वाजव पहिले. एकटी…

अरे तिच्या मायला.

जनका, ऐकलं?… नाई ऐकलं? थांब, फोन स्पीकरच्या डब्याजवळ नेतो, वायर पुरते. वाजव बे… पाह्य, ऐक, ऐक… अजून एकदा…

कसा हाये?… बोल ना. खिडकीची काच हालली इकडं. तुही वहिनी सयपाकघरातून बाहेर आली पाह्याले. भांडं पडलं म्हणे का काय… जड हाये ना?… चांगला हाये म्हणते. पण बाबाची गिटार नाई म्हणते ती… हाव, नाईच. आता ती माही हाये. माह्या हातची.

हां?… कवा येऊ म्हणजे?… अवं थांब थांब… हाव, म्हणलो मी ये म्हणून. पण ये म्हणलं का कोणी पेटी बांधूनच निघते का? दिवाळीले ये. भाऊबीजेले ये. ओवाळ मले, दोन दिवस राह्य, लुगडं घे अन् जाय. भाऊ कधी नाई म्हणला का तुले?…

आताच म्हणलो होतो, हाव. कामात होतो. माणूस कामात काईही म्हणते…

हे पाह्य, तूच सांगितलं ना आता? दोन कॉइल एका डब्यात. एकमेकीचा आवाज खातात. मंग काय करायचं? पहिलीले हात नाई लावायचा, दुसरीनं पलटायचं. का सगळं गोड. का डबल आवाज. तुह्याच तोंडून ऐकलं मी… मंग तेच कर ना तिकडं. तू पलट… ती दुसरी हाये म्हणते?… अवं, घरात जी बसली ती पहिली. छपरीत जी बसली ती दुसरी. एवढं समजत नाई तुले, बाबाची शिकेल पोरगी तू…



हं… गिटार तुही हाये म्हणते. हाव. बाबा मरतानी माह्यासमोर म्हणला, गिटार जनकाची. मी कुठं नाई म्हणतो? पण घर जनकाचं असं तो काई म्हणला नाई. मी कान लावूनच बसलो होतो… घेऊन जाय गिटार. लाकूड घेऊन जाय. पिकअप माहा हाये, तो काढून ठेवीन. बिनआवाजाच्या लाकडाचं काय करशीन? भाकरी थाप त्याच्यावर…

मी असा नव्हतो?… मी असाच होतो बाई. तुमी दोघं बापलेक त्या गिटारीत डोकं घालून बसायचे, तवा मी कुठं होतो, पाह्यलं का कधी? जळेल मोटरा उकलत होतो मी. तांब्याच्या तारेनं बोटं कापायचो. एकदा हात लावला गिटारले, तर बाबा काय म्हणला? शाल्या, तुह्या हाताले ग्रीस हाये, जनकाच्या हाताले सूर हाये. दूर हो… तू हसली होती. लहान होती, पण हसली होती. मले ऐकू आलं… आज माह्या ग्रीसच्या हातानंच वाजून राह्यली ना ती?… तू सांगितलं, हाव. पण डाग आमी दिला…

वहिनीले कशाले देऊ फोन? वच्छला काय सांगीन तुले? तिचा भाऊ बसला त्या जागेवर. त्याले म्हणू, ऊठ बे, माही नवऱ्यानं टाकेल बहीण आली?… टाकेल नाई म्हणते. बरं, तूच निघाली. लोकाइले दोन्ही सारखंच…

थांब.

थांब, बोलू नको जराशी… हे काय वाजून राह्यलं तुह्या मागं?… चूप म्हणलो ना… 'फर्रेवटचा खेळ'… 'फर्रेवटचा'… हा तर आपला भोंगा हाये.

जनका. तू कोठून बोलून राह्यली?

…बीबीत कोठून आला आपला भोंगा? खोटं नको बोलू… स्टँडावर?… आपल्या? मेहकरच्या?… म्हणून एक्सचेंजवाला मधात नाई बोलला… कवापासून?… सकाळपासून. अन् मले आता सांगते… चहाच्या हाटेलातून, पेटी घेऊन. मले बोलायच्या आधी पाहत होती म्हणे, येऊ का नको. मंग समजलं ना आता?

अवं, येतो काय, येतो? अजिबात यायचं नाई. बीबीची गाडी लागन आता, तिच्यात बस. रस्त्यानं तोंड दाखवत येऊ नको, उत्तमरावची जीप दारात उभी राहीन, चार माणसं असतीन… पायरीवर बसतो म्हणते?… रातभर?… पायरी माही हाये वं. तिथंही नाई…

दार वाजवशीन? वाजव. पाहू.

वच्छला. ओ वच्छला. समोरच्या दाराले कडी लाव. हाव, आताच… मागच्याही. कोणी आवाज दिला तर ओ द्यायची नाई. मागून सांगतो… माही बहीण येऊन राह्यली म्हणून.

निवृत्ती, मशीनचा कान पिळ बे. पुरा पिळ. त्या खालच्या तारेवरच राह्य, सोडू नको. दार ठोकलेलं ऐकू नाई आलं पाह्यजे… हाव, असं. अजून. हां…

जनका? हां, बोल आता… काय?… काय म्हणून राह्यली?… जोरात बोल… नाई वं, काईच नाई ऐकू येत. लय जड आवाज हाये ना आता… काय? बाबा?… बाबाचं काय?…

नाई ऐकू येत बाई. ठेवतो.