मंगळावरची कथा अन् सौंसरचं आधार कार्ड

राजेहो, त्या सायन्स फिक्शनवाल्यांच्या मेळ्याचं नाव नका काढू माह्यासमोर! सौंसरहून बस धरून नागपूरले गेलो, तिथल्या कथास्पर्धेत मंगळावरची माही मराठी कथा वाचाले. जो तो परग्रहावरचा प्राणी होऊन फिरून राहिला होता. नावं घेणाऱ्या पोरानं तर तोंडाले हिरवा रंग फासून कपाळावर तिसरा डोळा चिकटवला होता. त्यानं माह्यं आधार कार्ड पाहिलं.

"मध्यप्रदेश? सॉरी काका, स्पर्धा फक्त महाराष्ट्रातल्या लोकांसाठी आहे."

"अरे, पण कथा मराठीतच हाय ना!"

"हो, मराठी छान बोलता तुम्ही. कुठे शिकलात?"

"आईजवळ," म्हटलं. "अन् तू कुठला रे बाबा?"

तिन्ही डोळे माह्यावर रोखून तो म्हणे, "मी? मी इथलाच."