माझ्या पेपरचा बोलबाला

तुम्ही हसाल, पण सांगतोच. मी जळगावच्या एका कॉलेजात रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करतो. पेपर बरेच छापून आलेत, पण ते वाचतो मी आणि प्रूफ तपासणारा. गेल्या वर्षी मात्र परदेशातले शास्त्रज्ञ माझ्या एका पेपरचा उल्लेख त्यांच्या पेपरांत करू लागले. सायटेशनचा आकडा भराभर चढला. मी विभागात पेढे वाटले आणि धुळ्याच्या नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, फोन केला. त्यांनी थेट सत्कारच ठरवला.

सत्काराला शिरपूरला शिकवणारी माझी जुनी विद्यार्थिनी आली होती. तिने मला बाजूला घेतलं.

"सर, ते पेपर उघडून पाहिलेत का?"

"नाही. आकडा पाहिला."

"सगळ्यांनी तुमचा प्रयोग करून पाहिलाय. तुमच्यासारखा निष्कर्ष कुणालाच मिळाला नाही. तेच लिहिलंय सगळ्यांनी, तुमचं नाव देऊन."

मी तडक नानांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं आणि म्हणालो, सत्कार थांबवा. नाना शांतपणे शाल उलगडत, सुकत चाललेल्या हाराकडे बघत अहिराणीत म्हणाले,

"बठ्ठा लोक तुनंच नाव लेतस ना? मग रडस कसाले? चाल, हार सुकी ऱ्हायना."