रक्ताची एक नळी

एका रविवारी आई शब्दकोड्यावरून माझ्याशी भांडली. पुढच्या रविवारी स्वादुपिंडाच्या सुजेने गेली. महिन्याने तिचे कागद आणायला मी इस्पितळात गेले, तर बाकावर शेजारी एका भावा-बहिणीची जुंपली होती.

"दादा, पप्पांच्या स्वादुपिंडाची सूज उतरायला औषध का देत नाहीत?"

"औषधच नाही म्हणे. सलाईन लावा, दुखणं कमी करा, वाट बघा."

"इतकी वर्षं डॉक्टरांनी काय झोपा काढल्या?"

"त्यासाठीच तर रक्त मागतायत. संशोधनाला. एक नळी."

"पप्पा काय उंदीर आहेत? खबरदार सही केलीस तर!"

"मग औषध काय आभाळातून पडणार, बाई?"

"माझ्याकडेही मागितलं होतं, आईचं," मी म्हणाले. "घरी कुणाला माहीत नाही. मी संमतीचा कागद फाडला. आणि औषध का नाही म्हणून डॉक्टरांवरच ओरडले."