पिवळी पानं कुठं गेली?

देवाचं नाव घेऊन झालं, आता टाळ जरा मांडीवर टेकवा. मंडळी, मला एक सांगा. ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्याला त्या चौघांनी भ्यावं का? हात वर करा बघू. भ्यावं म्हणणारे? — अरे वा! निम्मा मांडव! आणि सगळे पुढच्या सतरंजीवरचे! चेअरमन, मुकादम, सासूबाई... सगळे! मागचे मात्र हात खाली घालून बसलेत. बसा बसा. तुमचीच गोष्ट सांगतोय.

कृष्णाकाठी नांदणवाडी म्हणून गाव. तिथं बारा घरांच्या भागीतला एक पानमळा, घरटी एक माणूस त्यात राबायचा. खायच्या पानांचा हो! शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, आत गारवा, हिरवी सावली. पानमळा म्हणजे देवघर, आत चपला घालून जायचं नाही. फाटकापाशी काढायच्या. या मळ्याचे कारभारी रायगोंडा अण्णा. वय बासष्ट, मिशा पांढऱ्या, नजर अशी की वेलीच्या सातव्या पेरावरची कीड खालून दिसावी! तीस वर्षं मळा त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. माणूस लबाड नव्हता, आळशी नव्हता. मग खोट कुठं होती?

खोट अशी, की अण्णा चपला काढून फाटकातून आत आले रे आले, की आतलं हसणं थांबायचं. म्हाळाप्पाचं गाणं थांबायचं. नरसूची चेष्टा थांबायची. नुसता पानं खुडल्याचा आवाज — टक, टक, टक. आणि अण्णांना वाटायचं, केवढी ही शिस्त! आमच्या मळ्यात वायफळ बोलणं नाही!

मंडळी, हसू नका. तुम्ही घरात आल्यावर टीव्हीचा आवाज कमी होतो ना? त्याला तुम्ही काय म्हणता? — संस्कार!

तर ते दिवस उतरणीचे. उतरण म्हणजे काय? पानवेल वर वर चढते, झाडाच्या शेंड्याला पोचते. आता आणखी वर जायला जागा नाही. तशीच ठेवली तर पान बारीक पडतं, वेल थकते. म्हणून वर्षातनं एकदा ती सोडवून खाली घ्यायची, बुंध्याशी तिचं वेटोळं करायचं, माती घालायची आणि शेंडा तेवढा वर बांधायचा. मातीत गेलेल्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात. वेल पुन्हा तरणी! हे काम अण्णा स्वतः करायचे. दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही. हजारो वेली अण्णांनी खाली उतरवल्या. स्वतः मात्र... बरं, ते राहू द्या.

एके दिवशी सकाळी अण्णा नदीकडनं आले. फाटकापर्यंत वळसा कशाला, म्हणून मागच्या कुंपणाशीच चपला काढून फटीतनं आत शिरले. फाटकापाशी त्यांच्या चपला नाहीत, म्हणजे अण्णा आलेत हे कुणाला कळायचं कारण नाही! आणि आत काय ऐकू येतंय? गाणं! हसणं! अण्णा जागच्या जागी थबकले. तीस वर्षांत त्यांनी आपल्या मळ्याचा हा आवाज ऐकलाच नव्हता.

आणि तेवढ्यात त्यांना दिसला म्हाळाप्पा. वेलींच्या चौथ्या सरीत, म्हणजे रांगेत, पाठमोरा. इकडं बघतोय, तिकडं बघतोय, पान खुडतोय आणि खांद्यावरच्या टॉवेलाची झोळी करून तिच्यात दडवतोय!

"चोर!" अण्णांनी झडप घातली. मनगट धरलं. "बारा घरांच्या तोंडचं काढतोस? सोड तो टॉवेल!"

टॉवेल सुटला. पानं जमिनीवर पडली. अण्णा बघतच राहिले. सगळी पानं पिवळी! बाजारात फुकट दिली तरी कुणी घेणार नाही अशी!

"ही चोरून काय करतोस रं?"

"चोरत न्हाई अण्णा. लपवतोय."

"कुणापासनं?"

म्हाळाप्पाची मान खाली. "तुमच्यापासनं."

मंडळी, थोडं थांबू या इथं. सदोबा, मृदंग ठेवा खाली.

झालं होतं असं. पंधरा दिवसांमागं म्हाळाप्पानं चौथ्या सरीला पाणी दिलं, विसरला आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं. पाणी साचलं, मुळं कुजायला लागली, पानं पिवळी पडली. अण्णांना दिसलं तर? म्हणून रोज अण्णा यायच्या आधी तो पिवळं पान खुडायचा. अण्णा यायचे, बघायचे — सर हिरवीगार! रोग वाढतोय आणि कारभारी खूश!

अण्णांनी बुंध्याची माती उकरली. मूळ काळं पडलेलं, बोटानं दाबलं तर लगदा. शेजारची सर बघितली. तीही. पुढची. तीही! अण्णांच्या पायाखालची जमीन सरकली. हा रोग मळाभर गेला तर बारा घरं उघड्यावर.

"आणि कुणाकुणाला ठावं हुतं हे?" अण्णा ओरडले.

अकरा माणसं, अकरा माना खाली. सगळ्यांना ठाऊक होतं! माहीत नव्हतं ते एकट्या कारभाऱ्याला!

मग बोलले सातूमामा. अण्णांपेक्षा दहा वर्षांनी वडील. "अण्णा, गेल्या साली पाट फुटला. नरसूनं आपणहून येऊन सांगितलं. तुम्ही त्याला भर देवळात उभा करून झाडला. त्या दिवशी आम्ही शिकलो."

"काय शिकला?"

"पाट फुटला की मुकाट्यानं बुजवायचा."

अण्णांचा हात रागानं वर गेला होता, तो तसाच राहिला. समोर अर्धवट सोडवलेली वेल लोंबत होती. आणि मंडळी, तो ताठ माणूस त्या ओल्या सरीत, मातीत, मटकन खाली बसला. त्याला रडू आलं. म्हाळाप्पाच्या चुकीचं नव्हे हो. पंधरा दिवस एवढी माणसं आपल्यापासून जीव मुठीत धरून वागली, याचं!

"मामा," अण्णा म्हणाले, "अकरा वर्षांमागं वरची सर जळाली. समद्यांनी म्हटलं, सातूनं पाणी चुकवलं. तुमच्याकडनं पाण्याची पाळी काढून घेतली मी. ते पाण्यानं झालं नव्हतं. खत कच्चं हुतं. ते मी टाकलं हुतं. नाव तुमच्यावर गेलं... आणि मी जाऊ दिलं."

सातूमामा म्हणाले, "मला ठावं हुतं."

"ठावं हुतं? मग बोलला का न्हाई?"

"कुणाला बोलू?"

तीन सरी उपटून जाळाव्या लागल्या. वेळेवर कळतं तर एकीवर भागलं असतं. बाकीचा मळा वाचला, कारण त्या दुपारी अण्णांनी एकच विचारलं, "आणखी कुठं पिवळं दिसलंय? राग करणार न्हाई," आणि नरसूनं भीतभीत कोपऱ्यातल्या दोन वेली दाखवल्या. पाण्याची पाळी सातूमामांकडं परत गेली. आणि अण्णांनी फाटकापाशी एक बुट्टी टांगली, वेताची टोपली हो. पिवळं पान दिसलं की तिच्यात टाकायचं. चपला काढल्या की अण्णा पहिली ती बुट्टी बघणार.

पहिल्या दिवशी बुट्टी रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. भीती काय उपरणं आहे, झटकलं की पडलं? आठवडा गेला. मग एका सकाळी बुट्टीत एक पान! म्हाळाप्पा चार पावलांवर उभा. अण्णांनी पान उचललं. तीस वर्षांची सवय घशापर्यंत आली — 'कुणाची सर ही?' अण्णांनी ती गिळली. आणि विचारलं, "कुठल्या सरीतलं रं? चल, दाखीव."

बस्स, मंडळी. 'कुणाची' जाऊन 'कुठली' आलं. त्या दिवशी अण्णांच्या चपला फाटकाशी होत्या, सगळ्यांना दिसत होत्या, आणि तरी आत म्हाळाप्पाचं गाणं चालू राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, महाराज छान सांगतात. पण महाराजांचं काय? मागच्या एकादशीला या सदोबांचा ठेका चुकला, म्हणून मी भर सभेत डोळे वटारले. बघितलंत तुम्ही. हसलातही! सदोबा, आज खरं सांगा, सुरुवातीच्या भजनात मी तालाला चुकलो का?

...काय? मोठ्यानं!

"दोनदा, महाराज."

ऐकलंत? आणि सांभाळून कुणी घेतलं? यांनीच! सदोबा, त्या दिवसाबद्दल मला माफ करा. या सगळ्यांच्या देखत मागतोय, कारण अपमानही सगळ्यांच्या देखतच केला होता.

आणि मंडळी, आता तुम्ही. मघाशी पुढच्या सतरंजीवरून हात वर करणारे! आज घरी जाल. सून हसून पाणी देईल. मुलगा म्हणेल, अभ्यास छान चाललाय. उद्या कामावर जाल, हाताखालची माणसं म्हणतील, सगळं ठीक आहे साहेब. सगळीकडं कसं हिरवंगार! तेव्हा खूश होऊ नका. जरा खाली बसा, आवाज उतरवा आणि विचारा — बाळांनो, पिवळी पानं कुणाच्या टॉवेलात बांधलेली आहेत? आणि कुणी ती गाठ सोडायला लागलं, तर देवाची शपथ आहे तुम्हाला... तेवढा वेळ गप्प बसा.